पहिल्या शब्दाची नोंद

कोलार रोड, भोपाळ
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय रसिका,

तीन महिने तुला नीट काही कळवलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तुझे मेसेज मी वाचत होते. 'बरी आहे', 'झोपलीय', 'नंतर बोलू' ही माझी उत्तरं म्हणजे उत्तरं नव्हती, हे मला ती पाठवतानाही कळत होतं. फोन टाळते, कारण फोनवर तू विचारतेस आणि मी लगेच काहीतरी सांगून मोकळी होते. लगेच सांगितलेलं हल्ली मला मागाहून तपासून घ्यावं लागतं. कागदावर निदान खोडलेलं दिसतं.

अकरा ऑगस्टला आईला झटका आला, तेवढं तुला माहीत आहे. उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण गेलं. तू त्याच दिवशी पुण्याहून निघणार होतीस. डॉक्टरांनी गर्दी नको म्हटलंय, आई तुला पाहून बिथरेल, थांब, असं मी सांगितलं आणि तू थांबलीस.

त्यानंतरचं माझ्या वहीतून उतरवून देते. कॉलेजात वीस वर्षं मी मानव विकास शिकवते. दर वर्षी प्रत्येक विद्यार्थिनीला एक बाळ नेमून देते. वर्षभर त्याच्या घरी जायचं आणि मान कधी धरली, कधी बसलं, पहिला शब्द कोणता, ते तारखेनिशी लिहायचं. आईला घरी आणल्यावर माझ्याही नकळत मी तशीच वही सुरू केली. सत्तावीस ऑगस्टला तिनं उशीशिवाय मान धरली. पाच सप्टेंबरला टेकून बसली, चौदाला आधाराशिवाय अकरा मिनिटं. दोन ऑक्टोबरला पहिला शब्द: 'पाणी'. नऊ ऑक्टोबरला पलंगाचा कठडा धरून उभी राहिली. क्रम थेट बाळासारखा नाही, पण इतका जवळचा आहे की वर्गात मान धरण्याचा धडा शिकवताना मला मध्येच थांबावं लागलं.

मीना नावाची बाई सकाळी आठपासून सहापर्यंत असते. नेहरू नगरहून येते. हात हलका आहे तिचा, तोंड तेवढं नाही. आठवड्यातून दोनदा गौरांग नावाचे तरुण वाचातज्ज्ञ येतात आणि चित्रांची कार्डं दाखवून आईला बोलतं करायचा प्रयत्न करतात.

आता तुझा प्रश्न. दिवाळीच्या दिवशी तू लिहिलंस, "ताई, आईनं एकदा तरी माझं नाव घेतलं का? घेतलं असेल तर मस्कतला जायच्या आधी येते. नसेल तर तिच्या मनाविरुद्ध तिच्या दारात उभी राहणार नाही." पंधरा जानेवारीला तू यशला घेऊन जाणार, नोकरीचा करार दोन वर्षांचा, आणि आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तेव्हा हा प्रश्न तू सहज विचारला नव्हतास हे मला कळतं. तरी मी अर्ध्या मिनिटात 'नाही' लिहिलं.

तेच इथे सविस्तर लिहिते. चार वर्षांपूर्वी तू नवऱ्याचं नागपूरचं घर सोडून यशसह पुण्याला गेलीस, तेव्हा आई मला म्हणाली होती, "या घरात तिचं नाव घ्यायचं नाही." मी ते पाळलं. आता आईच्या तोंडून जे निघतं त्यात शब्द कशाला म्हणायचं, याचे नियम आहेत. एकच ध्वनी, एकाच गोष्टीसाठी, कुणी न सुचवता, पुन्हा पुन्हा. या नियमांत बसेल असं तुझ्या नावाच्या बाबतीत काही नाही.

तब्येत जप. यशला आशीर्वाद.

तुझी ताई


२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय रसिका,

तुझा मेसेज आला. "ठीक आहे ताई. कळलं." बस, एवढाच. वाचून मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याकडे पाहत मी बराच वेळ गॅसपाशी उभी राहिले आणि दूध उतू गेलं.

गेल्या आठवड्यात कॉलेजात एक प्रकार झाला तो सांगते. तिसऱ्या वर्षाची प्रिया म्हणून एक मुलगी आहे. तिला नेमून दिलेलं बाळ तुलसी नगरला राहतं, आपल्या जुन्या क्वार्टरच्या मागच्या गल्लीत. तिच्या वहीत लिहिलं होतं, 'अकराव्या महिन्यात चालू लागला.' मी तपासणीला तिच्याबरोबर गेले. बाळ साडेबारा महिन्यांचं आणि दिवाणाची कड धरून खेकड्यासारखं सरकतंय.

"प्रिया, ये चल रहा है?"

"मॅम, चलेगा तो सही."

"तो लिखा क्यों?"

ती कानापाशी येऊन म्हणाली, "मॅम, इनकी जेठानी वाला ग्यारह महीने में चल गया था. भाभी बोलीं, हमारा भी ग्यारह में लिख दो, आपका क्या जाता है."

बाळाची आई दारात उभी होती. तिनं ऐकलं असावं, कारण उगाच पदर सारखा करत म्हणाली, "मॅडमजी, वो लोग बहुत सुनाते हैं."

मी प्रियाला सगळी वही पुन्हा लिहायला लावली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, जे पाहिलं तेच, ज्या दिवशी पाहिलं त्याच दिवशी, पेनानं. चूक झाली तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करा. मूल उशिरा चाललं यात लाज नाही, न चालता चाललं लिहिण्यात आहे. मुली माना खाली घालून ऐकत होत्या. मी चांगलं बोलते, हे मला ठाऊक आहे. घरी आले आणि आपली वही उघडली नाही.

जेठानी-देवरानीच्या, म्हणजे जावाजावांच्या, या चढाओढीचं मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. बाबा गेल्यावर तुलसी नगरचं क्वार्टर सोडलं, तेव्हा सामान मी एकटीनं बांधलं होतं. ट्रंकेच्या तळाशी १९८४ च्या कॅलेंडरची पानं मिळाली. मार्चच्या पानावर आईच्या अक्षरात, 'रसू पालथी पडली.' मेमध्ये, 'रसूला खालचा दात.' ऑगस्टमध्ये, 'रसू म्हणाली, आई', आणि त्याखाली दोन रेघा. मी ट्रंक रिकामी करून पाहिली. १९८० चं एकही पान नव्हतं. मी आईला विचारलं, "मी कधी चालले गं?" ती भांडी कागदात गुंडाळत होती. म्हणाली, "चाललीस तेव्हा चाललीस. पडलीस का कुठे?"

आम्ही दोघी हसलो. पण शेकडो बाळांचं पहिलं पाऊल माझ्या कपाटात तारखेनिशी आहे आणि माझं कुठेच नाही, हे त्या दिवसापासून माझ्यात खडा होऊन बसलंय. तुझा यात काही दोष नाही. तू सहा महिन्यांची होतीस. तरी राग तुझाच आला.

आणखी लिहिते. तू सगळं वेळेवर केलंस. चोविसाव्या वर्षी लग्न, सत्ताविसाव्या वर्षी यश. मी शिकवते त्या एका सिद्धांतात आयुष्याचे आठ टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याचं एक काम. तरुणपणी कुणाशी तरी जोडलं जाणं. मधल्या वयात आपल्यामागून येणाऱ्यांसाठी काही करणं, ते जमलं नाही तर माणूस साचून राहतं. हे शिकवताना दर वर्षी एखादी मुलगी माझ्या बिनमंगळसूत्राच्या गळ्याकडे पाहते आणि नजर वहीत घालते. मी तशीच पुढचा मुद्दा घेते. मग तू सदतिसाव्या वर्षी घर सोडलंस. आई तीन दिवस जेवली नाही. मी तिच्याजवळ बसून पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात एक गोष्ट अगदी स्पष्ट होती: आता मी एकटीच. ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची होती, रसिका. आई मला विचारून भाजी करायची.

मागच्या पत्रात एक गोष्ट सोडली ती आता लिहिते. आई 'रसू' असा आवाज काढते. चहाला काढते, दाराला काढते, चष्म्यालाही काढते. सगळ्याला एकच ध्वनी लावला तर तो शब्द ठरत नाही. सहा महिन्यांचं बाळ 'मामामा' करतं तेव्हा आया हरखतात, पण आम्ही ते शब्द म्हणून लिहीत नाही. मी नियमाला धरूनच वागले आहे.

नियमाला धरून. हे वाक्य तीनदा वाचलं. खोडत नाही.

शिल्पा


१४ डिसेंबर २०२४, शनिवार

प्रिय रसिका,

चोवीस तारखेचं पत्र मी टाकलं नव्हतं. पाकिटावर तुझा पत्ता लिहून ते तीन आठवडे वहीत ठेवलं. आज दोन्ही एकत्र टाकली आहेत असं समज. आधी ते वाच, मग हे.

आईचा पहिला शब्द 'पाणी' नव्हता.

एकोणीस सप्टेंबरला दुपारी चारच्या सुमाराला मीना खाली गेली होती. आई बाल्कनीत खुर्चीवर होती. जिन्यात कुणीतरी बाई हसली. आईनं मान दाराकडे वळवली आणि म्हणाली, "रसू." आवाज घोगरा होता, पण मध्ये अडखळ नव्हती. एकोणचाळीस दिवसांत तिच्या तोंडून निघालेली ती पहिली गोष्ट. मी म्हटलं, "पाणी हवंय?" आणि पेला तिच्या ओठांना लावला. ती प्यायली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. वही माझ्या मांडीवरच होती. मी त्या दिवसाखाली लिहिलं, 'दुपारी स्वस्थ.'

त्यानंतर रोज मी तिला पेला देताना 'पाणी, पाणी' म्हणत राहिले. तेरा दिवसांनी ती ते म्हणाली. प्रियाच्या वहीतलं बाळ निदान पुढेमागे चालणार होतं. मी तर चाललेल्या बाळाला धरून खाली बसवलं.

डॉक्टरांचं 'गर्दी नको' हे इस्पितळातल्या पहिल्या आठवड्यापुरतं होतं. 'रसिका नको' असं कुणी म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं.

आता जे लिहायचं आहे ते त्याहून लाजिरवाणं आहे. आई बाराला जेवते, डाव्या हातानं. दोन पोळ्या वाढल्या तर दीड खाते. उरलेली अर्धी ताटात बाजूला सारते आणि आमटीची वाटी रिकामी झाली की तिच्यावर पालथी घालते. सुरुवातीला मी वहीत 'आहार दीड पोळी' एवढंच लिहिलं. पण तुला आठवत असेल, क्वार्टरमध्ये तू गाण्याच्या क्लासहून तीनला यायचीस आणि ओट्यावर तुझा वाटा असाच झाकलेला असायचा. माझा वाटा कधी ठेवावा लागला नाही. मी कधी उशिरा आलेच नाही.

मी कॉलेजातून दीडला येते. तोवर आईचा डोळा लागलेला असतो आणि ताट तसंच असतं, कारण मीनानं उचलायला हात लावला की ती ओरडते. पहिल्या दिवशी मी ती पोळी वाया नको म्हणून खाल्ली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात एकीच्या वाढदिवसाचं जेवून आले होते, तरी खाल्ली. मग रोज. दोन महिने मी आल्या आल्या, पर्स खांद्यावरून न काढता, उभ्यानं तुझी अर्धी पोळी खात आले. आई उठली की डाव्या हातानं वाटी उचलून पाहायची. खाली काही नाही असं दिसलं की समाधानानं मान हलवायची. तू येऊन जेवून गेलीस असं तिला वाटायचं. ते समाधान मला दिसत होतं. मी तिला सुख देते आहे, अशीही मी माझी समजूत घातली. कुठलीही समजूत मला घालता येते, एवढं शिक्षण झालंय माझं.

मीनानं मला मागेच विचारलं होतं. "दीदी, ये रसू कौन है? अम्माजी दिन भर उसी को बुलाती हैं."

"कोई नहीं. ऐसे ही आवाज़ निकलती है."

ती आईचे केस विंचरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवाज़ के लिए कोई रोटी ढाँककर नहीं रखता, दीदी."

नियम मी शिकवायचे आणि मीनाला ते माहीतही नाहीत. एकच ध्वनी, एकाच माणसासाठी, न सुचवता, रोज बारा वाजता. चहाला आणि दाराला ती 'रसू' म्हणत नव्हतीच. चहा आला की, दार वाजलं की, ती तुला हाक मारत होती. आठ महिन्यांच्या बाळासमोर खेळणं फडक्याखाली झाकलं तर ते फडकं ओढून शोधतं, दिसत नसलेलं असतंच हे त्याला कळतं. मी हे दर जुलैत फळ्यावर लिहिते. आणि नाव घेतलं नाही की माणूस नसतं, असं मी चार वर्षं धरून चालले.

परवा, गुरुवारी, मी आले तेव्हा आई जागी होती. माझं लक्ष नव्हतं. मी वाटी उचलली, पोळी घेतली, घास मोडला. मागून आवाज आला, "नाही."

मी वळले. ती कठडा धरून अर्धी उठली होती. माझ्या हाताकडे बघत होती.

"नाही. रसू."

मीना स्वयंपाकघरातून धावत आली आणि दोघींकडे पाहत उभी राहिली. आईनं डावा हात पुढे केला. मी पोळी दिली, मोडलेला घाससुद्धा दिला. तिनं दोन्ही नीट जुळवून ताटात ठेवलं, त्यावर वाटी घातली, आणि मला म्हणाली, "बाई." जा, असं हातानं दाखवलं. मला ती बाई म्हणते, हे तुला लिहिलं नव्हतं. मीनाला मीना म्हणते.

दोन शब्द जोडून अर्थ करणं हा मोठा टप्पा आहे. मुलं दीड-दोन वर्षांची असताना करतात. आपल्या आईनं चार महिन्यांनी केला. तिचं पहिलं वाक्य तुझ्यासाठी होतं आणि माझ्याविरुद्ध होतं. मी आत जाऊन त्या दिवसाखाली ते जसंच्या तसं लिहिलं, पेनानं. मग मागे जाऊन एकोणीस सप्टेंबरच्या 'दुपारी स्वस्थ'वर एक रेघ मारली, वर खरं काय ते लिहिलं आणि सही केली. त्या पानाची झेरॉक्स सोबत आहे.

काल गौरांगना सांगितलं. माझ्या वहीवरूनच ते कार्डं निवडतात. पाणी, चहा, पंखा, गोळी. दोन महिने आई त्या कार्डांवरून तोंड फिरवत होती आणि ते स्वतःला दोष देत होते. त्यांनी कार्डं गोळा करून खाली ठेवली. मग म्हणाले, "मॅडम, जो शब्द अपने आप लौटा, मैं तो वहीं से शुरू करता." यापेक्षा जास्त बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. जाताना तुझा फोटो मागितला. मी दिला. कार्डांच्या गठ्ठ्यात त्यांनी तो सगळ्यात वर ठेवला, आणि रसिका, इतकं सगळं लिहून झाल्यावरही सांगते, तो उचलून सगळ्यात खाली सरकवावा असं मला वाटलं. मत्सर गेला असं मी लिहिणार नाही. ती पुन्हा खोटी नोंद होईल. तू येशील तेव्हा आई तुझ्याकडे ज्या तोंडानं बघेल ते मला आत्ता इथं बसून दिसतंय, आणि मला ते पाहायचं नाही, आणि तू ये.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. घेतलं. इतक्या वेळा की मी मोजणं सोडलं होतं.

माफी मागत नाही, कारण माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तिकीट मी काढू का, हेही विचारत नाही. यायचं की नाही ते तू तुझ्या आणि तिच्यात ठरव, मला मध्ये घेऊ नकोस. मी मध्ये होते म्हणून तीन महिने गेले.

हे पाकीट आज टपालात पडलं तरी बुधवारपर्यंत पोहोचणार नाही. तोवर गप्प बसले तर ते पुन्हा लपवणंच झालं. म्हणून तुला आधी आईचा आवाज मिळेल, आणि तो इतका उशिरा का मिळाला, ते चार दिवसांनी वाचायला मिळेल. रविवारी सकाळी तू घरी असतेस.

शिल्पा

वहीत, उद्यासाठी: दहा वाजता रसिकाला फोन लावून आईच्या डाव्या हातात देणे, आणि खोलीबाहेर जाऊन दार ओढून घेणे.